बारमाही आडोसा

ताडकळसमध्ये कुणाला झाड लावायचं असलं की आधी माझ्याकडं येतेत, अन् मग आपल्या मनानंच लावतेत. माझी त्याला हरकत न्हाई. सगुणाबाईच्या हाताला गुण हाय म्हणतेत. मी अंगणवाडीत सेविका होते तवा दारात लावलेला बदाम अजून उभा हाय, तेवढाच काय तो गुण. पण त्या दिवशी राजेश्री आली अन् चहाला न्हाई म्हणली, तवाच मी ओळखलं की हे नुसतं झाडाचं काम न्हाई.

राजेश्री म्हणजे माझ्या शेजारची. तिचा नवरा आदिनाथ, त्याचं स्टँडजवळ खताबियाण्याचं दुकान हाय. घरात सासू कमलबाई अन् एकुलती एक लेक वैष्णवी. त्यांचं परस अन् माझं घर यांच्यात फक्त काटेरी तार. परसाच्या मागून गिरणीची गल्ली जाती, तिकडं पण तारच. अन् माझी गच्ची अशी की पापड घालायला चढलं तरी त्यांच्या हौदातलं पाणी किती हाय ते दिसतं.

राजेश्री म्हणली, मावशी, बाराही महिने हिरवं राहील, पान गळणार न्हाई अन् लवकर दाट होईल असं काईतरी सांगा. मी विचारलं, कोणत्या बाजूला लावायचं? ती म्हणली, गल्लीच्या बाजूला, अन् ह्या बाजूला पण. ही बाजू म्हणजे माझी. ती माझ्या तोंडाकडं बघायली न्हवती, कपाटावरच्या गणपतीकडं बघायली होती. माझ्याच गच्चीला आडोसा करायचा अन् सल्ला पण मलाच विचारायचा! चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली देणं म्हणतेत ते हेच.

राग यायला पायजे होता, आला न्हाई. आडोसा कुणासाठी ते मला कळत होतं.

वैष्णवीला लातूरकडं दिली होती. वर्ष पण झालं न्हाई, दोन बॅगा घेऊन परत आली. नवरा मारायचा. हे मला राजेश्रीनं सांगितलं, अन् मी कुणाला सांगितलं न्हाई. माझ्या तोंडाला कुलूप नसतं हे सगळ्या गावाला म्हायीत हाय, पण हे एवढं न्हाई सांगितलं. गावाला मात्र कारण नको होतं, गोष्ट पायजे होती. कुणी म्हणलं पोरीला कामाची सवय न्हाई, कुणी म्हणलं शिकलेल्या पोरी अशाच, कुणी म्हणलं आणखी काईतरी असंल. ते सगळं फिरून फिरून घरात यायचं, अन् पोरगी जी आत शिरली ती बाहेर आलीच न्हाई. पुढचं दार तर सोडाच, परसात सुद्धा न्हाई.

अन् ही पोरगी लग्नाआधी दिवसभर परसात असायची. अभ्यास बाजेवर, वेणीफणी बाजेवर, जेवायचं ताट पण बाजेवर. आता गिरणीला चाललेली बाई डोक्यावर डबा घेऊन तारेपाशी थांबायची अन् विचारायची, काय वैष्णवी, कधी आलीस? कधी आली ते सगळ्यांना पाठ होतं, तरी विचारायची. पोरीचं तोंड फिकं पडलं. डॉक्टर म्हणले उन्हात बसवा, तर ती म्हणली, खिडकीतून येतं तेवढं पुरतं. राजेश्रीला बाकी काई नको होतं. पोरगी परसात येऊन बसावी, एवढंच.

मी म्हणलं, मग भिंतच घाला की, आदिनाथरावाला काय अवघड हाय? तर राजेश्री म्हणली, भिंत घातली की गाव म्हणंल काय लपवायलेत, अन् झाडं लावली तर म्हणंल हौस हाय. बाईचं डोकं चालतं. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण मूठ झाकताना दिसली की लोक मुठीकडंच बघतेत.

मग त्यांच्याच परसात बैठक बसली. वैष्णवी आत होती, खिडकी उघडी होती. आदिनाथ परभणीच्या एका नर्सरीत जाऊन आला होता अन् मोबाईलमध्ये फोटो घेऊन आला होता. खताचा दुकानदार, कीड कोणती अन् औषध कोणतं हे झोपेत विचारा, सांगंल. पण झाड म्हणलं की त्याला सगळं पिकासारखंच वाटतं, पेरलं की चार महिन्यात तयार. त्याला एक परदेशी झाड आवडलं होतं, कोनोकार्पस. गुडघ्याएवढं लावायचं, वर्षात डोक्याच्या वर, भिंतीसारखं गच्च, अन् बाराही महिने हिरवं.

मी त्याला फूल येतं का विचारलं. म्हणला, फूल म्हणावं असं न्हाई. फळ? ते पण न्हाई. पाखरू बसतं का? ते काई त्यानं विचारलं न्हवतं. मुळ्या पाईपात शिरतेत असं मी ऐकलं होतं, ते सांगितलं, पण खरं तर माझं मन त्याच्या आधीच फिरलं होतं. ज्याचं फूल देवाला न्हाई अन् फळ लेकराला न्हाई, असलं झाड दारात घेऊन करायचं काय? मी तसं म्हणले, कमलबाईनं मान हलवली, अन् ते झाड गेलं.

बांबूचं नाव आदिनाथनंच काढलं, तर कमलबाई म्हणल्या, बांबू माणूस जाताना लागतो, घरात नको. कडुनिंब चांगला, पण फाल्गुनात सगळी पानं झाडून मोकळा होतो, ऐन उन्हाळ्यात परस उघडं. शेवग्याचं पण तेच. पारिजातकाची उन्हाळ्यात दशा बघवत न्हाई. मेंदीचं कुंपण नामी होतं, पण माणसाच्या डोक्याएवढं व्हायला माझं आयुष्य गेलं असतं. शेर लावला की त्याचा चीक डोळ्यात जायची भीती. सुबाभूळ लावायचं नाव कुणी काढलंच न्हाई, एक लावलं तर सगळ्या गल्लीत उगवतं.

शेवटी मी सांगितलं तसं ठरलं. गल्लीच्या तारेला लागून कण्हेर, कारण शेळी त्याला तोंड लावत न्हाई. कण्हेरीच्या दोन झाडांमधी जी फट राहती, तिच्यासमोर आतल्या ओळीत एकदा तगर, एकदा जास्वंद. तिन्ही बाराही महिने हिरवी अन् तिन्ही फुलाची. अन् माझ्या बाजूला अशोक, तो सरळ वर जाणारा. गच्ची उंच हाय, झुडपानं झाकायची न्हाई, हे मीच म्हणले. मग आदिनाथ म्हणला, मावशी, चहा घेता का अजून? मी घेतला.

झाडं लावली आषाढात. आदिनाथनं ठिबकची नळी टाकली, खताचं तर घरचंच दुकान. एका संध्याकाळी अंधार पडायच्या बेताला राजेश्रीनं मला बोलावलं. वैष्णवी परसात आली होती, कोपऱ्यात, न्हाणीच्या आडाला. मी तिला शेंडा कसा खुडायचा ते दाखवलं. झाड नुसतं वर गेलं की बुडाशी उघडं पडतं, शेंडा मोडला की खालून फुटतं अन् मग दाट होतं. तिनं दोन बोटांनी तगरीचा शेंडा मोडला, पांढरा चीक आला, तो तिनं कपड्याला न पुसता दगडाला पुसला. लय दिवसांनी मी तिचा आवाज ऐकला. ती म्हणली, "आजी, दिसायचं कधी बंद होईल?"

पोरीच्या वयाला शोभणारं बोलणं न्हाई हे. पण मी झाडाचं विचारल्यासारखंच उत्तर दिलं, दोन वर्षं लागतील, पुढच्याच्या पुढच्या श्रावणापर्यंत.

अन् तसंच झालं. शेंडे तीच खुडायची, दिवेलागणीला. पहिल्या वर्षी झाडं कमरेला आली, तवा ती बाजेवर न बसता खाली पोत्यावर बसायला लागली, झाडाच्या उंचीच्या खाली. झाडं जशी वर आली तशी ती वर आली. दुसऱ्या उन्हाळ्यात परत बाजेवर बसली. हे मी गच्चीवरून बघितलं, खोटं कशाला बोलू. मग अशोक वर आला, अन् मला आधी बाज दिसायची बंद झाली, मग हौद, मग सगळंच. झाड सांगणारी मीच, अन् आता शेजारी काय चाललंय ते कळत न्हाई म्हणून चुटपुट लागली ती पण मलाच. नुसता तिच्या कपबशीचा आवाज यायचा. राजेश्री तारेपाशी येऊन सांगायची, आज दोन तास बसली होती, आज जेवली पण बाहेरच. तोंडावर रंग आला म्हणायची.

अन् मग दोन वर्षांनी तो श्रावण आला. तवर शेंडे खुडण्यात फूल असं धरलंच न्हवतं, आता झाडं फुलांनी लदली.

आता हे सांगायला नको, पण आमच्याकडं देवाच्या फुलाला विचारायची पद्धत न्हाई. बाई पहाटे उठती, आंघोळ करती, एका हातात कॅरीबॅग अन् एका हातात आकडी घेती, आकडी म्हणजे टोकाला वाकडी तार बांधलेली काठी, अन् गावात ज्याच्या दारात फूल दिसंल त्याचं तोडती. देवाच्या फुलाला चोरी न्हाई. घरधन्यानं न्हाई म्हणायचं नसतं, अन् नेणारीनं झाड पार ओरबाडायचं नसतं, एवढाच कायदा. मी स्वतः तशीच फिरते. सोमवारी महादेवाला पांढरं लागतं, मंगळवारी गणपतीला तांबडं, शुक्रवारी देवीला जे मिळंल ते. अन् आमी गिरणीच्या गल्लीला, सगळ्या बायांच्या वाटेवर, पांढऱ्या-तांबड्या फुलाची भरगच्च रांग लावून ठेवली होती. मी लावायला लावली होती. करायला गेले गणपती अन् झाला मारुती.

पहिल्या श्रावणी सोमवारी मी गच्चीवर तुळशीला पाणी घालायले होते. नुकतं उजाडलं होतं. खाली गल्लीत बायांची कुजबूज, फांद्यांचा आवाज. मला दिसत काईच न्हवतं, माझाच अशोक. एवढ्यात सुलाबाईचा आवाज आला. ही सुलाबाई गिरणीवाल्याच्या समोर राहती, तिच्या आवाजाला भोंगा लागत न्हाई. ती म्हणली, "अगं बाई, वैष्णवी! तू अजून हितंच व्हय?"

मग बाज सरकल्याचा आवाज आला अन् दाराला कडी लागल्याचा.

काय झालं ते नंतर राजेश्रीनं सांगितलं. पोरगी सकाळी केस मोकळे सोडून बसली होती. पानातून आधी आकडी आत आली, मग हात आला, फांदी वाकली अन् त्या फटीतून सुलाबाईचं तोंड. तिच्या मागं आणखी दोघीतिघी. आधी बाया तारेपाशी थांबून लांबून विचारायच्या, आता थेट बाजेपाशी तोंड घालून विचारलं. त्या दिवसापासून वैष्णवी परत खिडकीत.

राजेश्री माझ्यावर जी भडकली ती भडकली. म्हणली, मावशी, तुमीच म्हणला फुलाचं लावा. ते बिनफुलाचं झाड लावलं असतं तर कुत्रं सुद्धा फिरकलं नसतं. मी म्हणलं, व्हय, म्हणले. आणखी काय म्हणणार? ज्या गुणासाठी मी त्या झाडाला हाकललं, त्याच गुणाचं झाड पायजे होतं. हे मला कळायला सुलाबाईचा हात आत जावा लागला.

आदिनाथ म्हणला, सगळं गुडघ्याएवढं छाटून टाकू अन् हिरवी जाळी बांधू. राजेश्री म्हणली, आधी त्या बायांना सांगा, आमच्या झाडाला हात लावायचा न्हाई. तवा कमलबाई बोलल्या. त्या कधी आवाज चढवत न्हाईत, त्या दिवशी पण चढवला न्हाई. म्हणल्या, "ह्या घरात देवाच्या फुलाला न्हाई म्हणायचं न्हाई. अन् फुलावर आलेलं झाड श्रावणात छाटायचं न्हाई. मी मेल्यावर काय करायचं ते करा." झालं. आदिनाथ दुकानाला गेला, राजेश्री भांडी आपटत बसली. अन् वैष्णवी आत सगळं ऐकायली होती.

आठवडाभर तसंच चाललं. बाया यायच्या, फांद्या वाकवायच्या, आत डोकवायच्या. आत कुणी नसायचं, तर बंद दाराकडं बघून आपसात बोलायच्या. मी दोनदा गच्चीवरून खाकरले. त्यानं काय होतंय?

पुढच्या सोमवारी मी पण माझी पिशवी अन् आकडी घेऊन गल्लीत उतरले. म्हणलं, आपण तिथं उभं राहिलं तर बायांची तोंडं तरी दुसरीकडं वळतील. गेले तर काय, झाडाला एक फूल न्हाई. तगरीला न्हाई, जास्वंदीला न्हाई, कण्हेरीला कळी सुद्धा न्हाई. सुलाबाई अन् बाकीच्या बाया आकड्या घेऊन उभ्या, लग्नाला यावं अन् मांडवच नसावा तशा. सुलाबाई तणतणायली होती, कुण्या मेलीनं आपल्याआधी सगळं ओरबाडलं, कायदा न्हाई का काई? नुसत्या हिरव्या पानात डोकवायला कुणाला सबब पण मिळंना. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी म्हणलं, फुलं पुढच्या दारात हायती.

आमी सगळ्या वळसा घालून पुढं गेलो. आदिनाथच्या घराचं दार सताड उघडं. ओट्यावर वैष्णवी बसली होती. पुढं दुरडी, दुरडीत ओलं फडकं, एका बाजूला तगरीचा पांढरा ढीग, एका बाजूला जास्वंद, मधी कण्हेर. तिचे केस ओले होते, म्हणजे आंघोळ करून तोडलेली फुलं, पारोशी म्हणायची कुणाची टाप न्हाई. मागं उंबऱ्यात कमलबाई माळ ओढत बसलेल्या. राजेश्री दाराच्या आत, तोंडाला पदर लावून. आडोसा मागं जसाच्या तसा उभा होता, अन् पोरगी रस्त्यावर तोंड करून बसली होती.

लग्न होऊन गेल्यापासून तिला पुढच्या दारात कुणी बघितलं न्हवतं. एकएक पुढं व्हायची, वैष्णवी ओंजळभर फुलं पिशवीत टाकायची, ती बाजूला व्हायची. जायची मात्र कुणी न्हाई. मला कळत होतं कशासाठी थांबल्यात.

सुलाबाईचा नंबर आला. तिनं पिशवी पुढं केली, अन् न राहवून विचारलंच, "मग वैष्णवी, नांदायला कधी जायलीस?"

वैष्णवीनं हातातलं फूल दुरडीत ठेवलं. ती म्हणली, "न्हाई जायची, काकू. मारायचा तो. तुमाला तगर देऊ का जास्वंद?"

मी सुलाबाईकडं बघत होते. तिची पिशवी तशीच पुढं धरलेली. दोन वर्षं गाव ज्याच्यावर पोसलं होतं, ते पोरीनं फुलाच्या भावात तिच्या पिशवीत टाकलं होतं.

"सोमवार हाय," सुलाबाई म्हणली. "तगर दे."

वैष्णवीनं तगर दिली. सुलाबाई निघाली, दोन पावलं गेली, परत आली, अन् वैष्णवीच्या ओल्या डोक्यावरून एकदा हात फिरवून गेली. बाकीच्या पण पांगल्या. विचारायला काई उरलंच न्हवतं.

सगळ्यात मागं मी. माझी पिशवी भरताना ती हळूच म्हणली, आजी, मागच्या अशोकाचे शेंडे खुडू का, तुमची गच्ची दिसतच न्हाई. मी नाक ओढलं अन् म्हणलं, अशोकाचा शेंडा खुडत नसतेत, वेडावाकडा फुटतो तो.

आकडीनं वाकवून तिनं खुडलेच. आता ते वेडेवाकडे फुटलेत, अन् मधल्या फटीतून मला बाजेचा एक पाय अन् अर्धा हौद दिसतो. सकाळी पापड घालायला चढले की खालून आवाज येतो, आजी, चहा घेतला का?